वर्षभराची पॅड देण्याआधी मुलीचा एक दिवस बघा

पणजीत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या मैत्रिणींच्या गटाने वर्गणी काढली आहे. सत्तरी आणि धारबांदोडा तालुक्यांतल्या दोन हायस्कुलांत गावडा आणि धनगर-गवळी समाजाच्या मुली, ताईंच्या शब्दांत "आदिवासी मुली", बऱ्याच आहेत. तिथे 28 मेला, मासिक पाळी स्वच्छता दिनाच्या निमित्ताने व्याख्यान ठेवायचं आणि मुलींना वर्षभर पुरतील इतकी पॅड द्यायची, असा बेत आहे. प्रश्न असे: विकतची पॅड द्यावीत, कापडी द्यावीत की पाळीचे कप (आत बसवून रक्त साठवणारे)? प्रजननाबद्दल कितपत बोलावं? मुलग्यांना बसवावं का? पालक बिथरले तर? आणि मुली बोलल्याच नाहीत तर?

ताई, मी याच भागात आरोग्य खात्यात नर्स म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही शाळांमधून हे वर्ग घेते. तेव्हा जे सांगते ते हातून गेलेल्या कामातलं आहे. पण दोन शाळा सारख्या नसतात, त्यामुळे यातलं काय तुमच्या शाळांना लागू पडतं ते तिथे जाऊनच कळेल.

आधी तारीख. 28 मेला आपल्या शाळांना सुट्टी असते. त्या दिवशी मुली आजोळी तरी असतात, नाहीतर आईबरोबर काजूच्या मागे. तेव्हा तो दिवस सोडून द्या. जून सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले, वह्या-पुस्तकं मिळाली, की मग जा. तसाही पावसाळा हाच या विषयाचा खरा कसोटीचा काळ आहे. त्याकडे पुढे येते.

तुम्ही "काय द्यावं" असं विचारता आहात. त्याचं उत्तर मुलीचा दिवस घड्याळ लावून पाहिल्याशिवाय देता येत नाही. वाड्यावरची मुलगी साडेसहाच्या सुमाराला घर सोडते. बस किंवा बालरथ, म्हणजे शाळेची गाडी, जिथे थांबते तिथवर चालत येते. शाळा पावणेआठला भरते, दीडला सुटते, घरी पोचायला अडीच-तीन. म्हणजे आठ तास. पॅड असो वा कापड, चार ते सहा तासांनी बदलायला हवं, जास्त जाणाऱ्या दिवसांत त्याआधीच. म्हणजे शाळेत निदान एकदा बदलणं भाग आहे. आता बघा, ती कुठे बदलणार? तुम्ही तिला दोनशे पॅड दिलीत आणि शाळेच्या संडासाची कडी तुटलेली असली, तर ती सकाळी लावलेलं पॅड दुपारी घरी जाऊनच काढणार, किंवा पहिले दोन दिवस शाळेतच येणार नाही. पॅड घरी कपाटात पडून राहील.

म्हणून पहिल्या भेटीत भाषण करू नका. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि मधल्या सुट्टीत मुलींच्या संडासात जाऊन या, शक्य तर शिपाईबाईंना बरोबर घेऊन. कडी आतून लागते का? बादली, मग आणि पाणी आहे का? गोवा 2022 मध्ये "हर घर जल" म्हणून प्रमाणित झालेलं पहिलं राज्य, पण घरी नळ असणं वेगळं आणि संडासातल्या बादलीत अकरा वाजता पाणी असणं वेगळं. दाराला आतून खिळा किंवा हूक आहे का? ओल्या जमिनीवर युनिफॉर्म टेकू न देता मुलीने एका हाताने काय काय करायचं, याचा विचार कुणी पुरुष इंजिनियर करत नाही. झाकणाची कचराबादली आहे का? साबण? आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती मुलींमागे किती संडास? मधली सुट्टी वीस मिनिटांची आणि रांगेत तीस मुली असतील, तर जिला वेळ लागतो तिच्या दारावर थापा पडणारच.

यातल्या बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाही. कडी, हूक, बादली, साबण, दिवा. तुमच्या वर्गणीतला पहिला खर्च इथे करा. आणि एक नियम शाळेकडून मान्य करून घ्या: मुलीने तास चालू असताना बाहेर जायचं म्हटलं तर कारण विचारायचं नाही. चाळीस मुलामुलींसमोर सरांना कारण सांगण्यापेक्षा मुली बसून राहतात.

आता मुलींबद्दल. तुम्ही "आदिवासी मुली" असं एकत्र लिहिलंत. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धनगर-गवळी समाज अजून ती मागणी करतो आहे. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला अनुसूचित जमातीची शिष्यवृत्ती मिळते, दुसरीला ती नाही. तुम्ही जातीची यादी मागवून पॅड वाटलीत तर त्या बाकाच्या मधोमध रेघ ओढल्यासारखं होईल. पूर्ण वर्गाला द्या. शिवाय ज्या मुलींचा वाडा लांब, ज्यांच्या घरी न्हाणीला दार नाही, त्या सगळ्या जातींत असतात. आणि कृपा करून हातात पॅडचं पाकीट दिलेल्या मुलींचे फोटो काढू नका. देणगीदारांना दाखवायचाच असेल तर नव्या कडीचा फोटो दाखवा.

पॅड, कापड की कप, यावर लोक हिरिरीने भांडतात. माझं मत असं की शाळेत एक आणि घरी दुसरं, असं चालू द्यावं.

साधा हिशेब करा. पाच दिवस, दिवसाला चार पॅड, म्हणजे महिन्याला वीस. शाळेच्या दहा महिन्यांत एका मुलीची दोनशे. चाळीस मुली धरल्या तर आठ हजार पॅड. जनऔषधी केंद्रात पॅड एक रुपयाला मिळतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या योजनेत 2011 पासून ग्रामीण मुलींसाठी सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना ठेवलं होतं. 2018 मध्ये पॅडवरचा जीएसटीही गेला. म्हणजे पैसा तुम्हाला कमी पडणार नाही. पण सहाच्या एका पाकिटात एक पाळीही निघत नाही, हे ज्याने पाकीट ठरवलं त्याला कुणी सांगितलं नसावं. आणि ती आठ हजार पॅड वापरून झाल्यावर जाणार कुठे, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट शहरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही. पॅड चिकटवायला घट्ट बसणारी चड्डी लागते. कित्येक मुलींकडे इलॅस्टिक सैल झालेल्या दोनच चड्ड्या असतात. त्यावर पॅड सरकतं, डाग पडतो, आणि मुलगी म्हणते पॅड वाईट. तेव्हा पॅडच्या आधी मुलीमागे मापाच्या तीन-चार सुती चड्ड्या द्या. मापं मुलींकडून चिठ्ठीवर घ्या, वर्गात नाव पुकारून नव्हे.

घरासाठी मी कापडच सुचवते, कारण त्यांच्या घरात ते आधीपासून आहे. आयांनी जुन्या सुती लुगड्याच्या घड्या वर्षानुवर्षं वापरल्या आहेत. वाईट कापड नसतं, ते ओलं ठेवणं वाईट. थंड पाण्यात भिजवायचं, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं. पण ऊन कुठलं? सत्तरीत जून ते सप्टेंबर ऊन औषधालाही मिळत नाही. मग कापड कपाटामागे, गाद्यांखाली, दुसऱ्या कपड्याच्या आड लपून वाळतं, म्हणजे वाळतच नाही. दमट कापडामुळे जांघांत खाज, चट्टे, बुरशी. पावसाळ्यात उपकेंद्रात या तक्रारी घेऊन मुली यायच्या, आणि आई म्हणायची उष्णतेने झालं.

यावर उपाय कापडाच्या बेतातच आहे. बाजारात मिळणारी शिवलेली कापडी पॅड चार-पाच पदरी असतात. उन्हाळ्यात ठीक, पावसात ती दोन-तीन दिवस ओलीच राहतात. त्याऐवजी मोकळा चौकोनी सुती तुकडा द्या, घडी करून ठेवायचा आणि उलगडून वाळत घालायचा. एक पदर चुलीच्या वरच्या दांडीवर रात्रीत वाळतो. वीज असेल तर वर गरम इस्त्री फिरवायची. पावसाळ्यासाठी दुप्पट तुकडे हवेत. आणि वाळत घालायची जागा घरच्यांनी मान्य केलेली हवी, म्हणून आयांशी बोलणं टाळता येत नाही. वर पातळ ओढणी टाकली तरी वारा लागतो, तेवढी तडजोड मला चालते.

शाळेसाठी मात्र विकतची पॅड ठेवा. वापरलेलं ओलं कापड दप्तरात घालून तीन तास बसवणं हे आपण स्वतः करणार नाही, तर मुलींना का सांगावं? पॅड मुख्याध्यापकांच्या कुलुपबंद कपाटात नकोत. रजिस्टरवर नाव आणि सही नको. योजनांच्या हिशेबासाठी सही लागते हे मला ठाऊक आहे, मीही सह्या घेतल्या आहेत, पण तुमची वर्गणी खाजगी आहे, तुम्हाला ती अट नाही. मुलींच्या संडासाजवळ एक डबा ठेवा, रोज शिपाईबाईंनी मोजून भरायचा. कुणी दोन जास्त नेली तर नेऊ दे. बहुतेकदा ती घरी बहिणीला किंवा आईला देते.

कपाबद्दल: सिलिकॉनचा कप नीट वापरला तर बारा तासांपर्यंत चालतो, उकळून वर्षानुवर्षं वापरता येतो, कचरा नाही. चांगली वस्तू आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला शाळेत सरसकट कप देऊ नका. तिला स्वतःच्या शरीराची ओळख अजून व्हायची असते, घरी कौमार्याच्या कल्पना असतात, आणि एका आईने आरडाओरडा केला की पूर्ण कार्यक्रम बंद पडतो. अकरावी-बारावीच्या किंवा त्यापुढच्या मुलींना दाखवा, हातात घेऊ द्या, प्रश्न विचारू द्या. कुणी मागितला तर घरच्यांशी बोलून द्या.

कचऱ्याचं आधी ठरवा, मग पॅड आणा. बाजारातल्या पॅडमध्ये प्लास्टिक असतं. घरी ती न्हाणीच्या चुलीत जळतात आणि त्याचा धूर त्याच घरातल्या बायका हुंगतात. शाळांना भेट मिळालेली छोटी विजेची यंत्रं पुरेशी तापत नाहीत, अर्धवट जळलेल्या प्लास्टिकमधून घातक वायू निघतात, आणि बिघडली की कोपऱ्यात गंजत पडतात. पाकिटावर "ऑक्सो-बायोडिग्रेडेबल" लिहिलं म्हणजे ते शाळेमागच्या जांभ्याच्या जमिनीत विरघळेल असं नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत पॅड कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्यायचं होतं, 2026 च्या नव्या नियमांत ते वेगळं ठेवायचं आहे. पंचायतीची गाडी शाळेत कधी येते, पॅडची वेगळी पिशवी घेते का, हे पंचायत सचिवांना विचारून लिहून घ्या. जवळपास डिचोली तालुक्यात मुळगावच्या बचतगटाने पाइनच्या लगद्यापासून पॅड बनवायला घेतली होती. अशी कुठून मिळत असतील तर शाळेच्या डब्यात तीच ठेवावीत, महाग पडली तरी.

इथवरचं सांगायचं तर क्रम असा लावा: संडास आणि पाणी, मग चड्ड्या, घरासाठी मोकळं कापड, शाळेसाठी डब्यातली पॅड, आणि या सगळ्याआधी कचऱ्याची गाडी. आता शिकवण्याकडे वळते. मला हाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक गट तो एका तासात उरकतात.

कधी बोलावं? पहिली पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी येते, काहींना दहाव्याही. विज्ञानाच्या जुन्या पुस्तकात पौगंडावस्थेचा धडा आठवीत होता, म्हणजे वर्गातल्या निम्म्याअधिक मुली "शहाण्या" झाल्यावर. नवीन पुस्तकात तो सातवीत आला आहे, तरी उशीरच. पाचवी-सहावीपासून बोला. पाळी न आलेल्या मुलीला आधी सांगितलेलं असलं, तर रक्त बघून आपल्याला मोठा आजार झाला असं तिला वाटत नाही. एवढ्याशा माहितीने तिची किती घालमेल वाचते, हे ज्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं तिलाच विचारा.

भाषेचं भान ठेवा. वाड्यावर घरची बोली वेगळी, प्राथमिक शाळा बहुधा मराठीत, हायस्कूल इंग्रजीत. मुलगी परीक्षेत "युटेरस" लिहिते आणि तिला तो आपल्या पोटात कुठे आहे ते सांगता येत नाही. मी फळ्यावर चित्र काढते, मग प्रत्येकीला आपला हात पोटावर ठेवायला सांगते: बेंबी इथे, गर्भाशय तिच्या खाली, आपल्या मुठीपेक्षा लहान. लघवीची जागा वेगळी, योनीमार्ग वेगळा, शौचाची वेगळी. तीन वाटा वेगळ्या आहेत हे अनेक आयांनाही ठाऊक नसतं. नावं सरळ घ्या. तुम्ही लाजलात की वर्ग लाजतो.

मग आकडे सांगा, कारण आकड्यांनी मुलींना धीर येतो. पाळी दोन ते सात दिवस. पहिली दोन-तीन वर्षं एकवीस ते पंचेचाळीस दिवसांनी येऊ शकते, अनियमितपणा चालतो. एका पाळीत सगळं मिळून तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे चहाच्या छोट्या कपाच्या अर्ध्याइतकंच. मुलींना वाटतं अंगातलं सगळं रक्त निघून गेलं. आणि पाळीचं रक्त घाण असतं, ही समजूत इथेच मोडते: गर्भाशयाचं अस्तर महिनाभर तयार झालं, गर्भ राहिला नाही, ते बाहेर पडलं.

प्रजननाबद्दल कितपत? माझं उत्तर: गर्भ कसा राहतो हे आठवीपर्यंत स्पष्ट सांगा. मुलग्याशी बोलल्याने, बाकावर शेजारी बसल्याने, एकाच संडासात गेल्याने दिवस जात नाहीत. हे सगळे प्रश्न मला चिठ्ठ्यांत आलेले आहेत. शरीरसंबंधाने जातात, आणि पहिल्या पाळीच्या आधीही जाऊ शकतात, कारण बीज पाळीच्या आधी सुटतं. नववी-दहावीला गर्भनिरोधन, लैंगिक आजार, मोबाइलवर मागितले जाणारे फोटो हे सगळं यायला हवं. अंगावरून पांढरं जाणं हा प्रत्येक वर्गातला प्रश्न. दोन पाळ्यांच्या मध्ये पातळ, बिनवासाचं पांढरं जाणं नैसर्गिक आहे, त्याने अंगातली ताकद जात नाही. खाज, वास, दह्यासारखे गोळे किंवा हिरवट रंग असेल तर दाखवायचं.

एक इशारा काळजीपूर्वक वाचा. वर्गात उत्साहाच्या भरात "मला काहीही सांगा, मी कुणालाच सांगणार नाही" असं कधीच म्हणू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली अठरा वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. तुम्ही वचन देऊन मोडलंत तर ती मुलगी पुन्हा कुणावर विश्वास टाकणार नाही. मी सुरुवातीलाच सांगते: "तुझी पाळी, तुझं दुखणं, तुझे प्रश्न माझ्याजवळच राहतील. पण तुला कुणी त्रास देत असेल तर तुला सुखरूप ठेवण्यासाठी मला आणखी एका-दोघांना सांगावं लागेल, आणि तुझ्या पाठीमागून नाही, तुला सांगून." हे ऐकूनही मुली सांगतात. जाण्याआधीच शाळेतल्या कुणाशी, कुठल्या पोलीस ठाण्याशी बोलायचं ते ठरवा, आणि 1098 हा बालकांचा हेल्पलाइन नंबर फळ्यावर लिहून ठेवा.

मुलग्यांना बसवावं. आधी वेगवेगळं, मग एकत्र. मुलग्यांच्या वर्गाला पुरुष शिक्षक असतील तर फार बरं, कारण त्यांनाही मुलग्यांच्या शरीराचे प्रश्न असतात जे ते मला विचारत नाहीत. एकत्र बसवल्यावर मी एकच गोष्ट पक्की करते: एखादीच्या युनिफॉर्मवर डाग दिसला तर हसायचं नाही, आपलं स्वेटर किंवा जर्किन द्यायचं आणि शिक्षिकेला सांगायचं. वाड्यावरच्या मुलग्यांना घरात बहिणी असतात, आई कोपऱ्यात बसलेली त्यांनी पाहिलेली असते. ते शहरातल्या मुलग्यांपेक्षा लवकर गंभीर होतात असा माझा अनुभव आहे.

आता शिवाशिव. बाहेरून आलेले वक्ते इथे हमखास घसरतात. पहिल्याच तासाला "हे सगळं अंधश्रद्धा" म्हणतात, मुली मान डोलावतात, आणि घरी गेल्यावर आजी विचारते, "कोण आली होती ती बाय?" मी दोन ढीग करते. एकात शरीराला अपाय करणाऱ्या गोष्टी: आंघोळ न करणं, कमी जेवणं, पाणी कमी पिणं, कापड लपवून ओलं ठेवणं, शाळा बुडवणं, दुखलं तरी सांगायचं नाही. यावर मी हट्ट धरते आणि आयांसमोरही धरते. दुसऱ्यात देवळात जाणं, तुळशीला पाणी घालणं, मांडावर, म्हणजे गावच्या उत्सवाच्या पवित्र जागेवर, पाय ठेवणं. यावर मी मुलीला माहिती देते, पण लढाई तिच्या अंगावर टाकत नाही. त्या घरात तिला राहायचं आहे, मला नाही. आणि बऱ्याच घरांत पहिल्या पाळीला मुलीची ओटी भरून गोडधोड करतात. त्या कौतुकाच्या आधाराने बोलता येतं, ते मोडून टाकू नका.

चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र एक वर्ग जरूर घ्या. घरात गणपती आणि पाळी एकाच वेळी नको म्हणून आया औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणतात, आणि त्यातली गोळी शाळकरी मुलीलाही देतात. ती संप्रेरकाची गोळी आहे. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घ्यायची नाही. काहींना ती अजिबात चालत नाही, थांबवल्यावर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. हे आयांना सरळ सांगा, देवाबद्दल काही न बोलता.

रक्त कमी असणं हा पाळीशी जोडलेला दुसरा मोठा विषय, आणि पॅडच्या कार्यक्रमांत तो बहुधा येतच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी 59 टक्के ॲनिमिक निघाल्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, आणि वर्षातून दोनदा जंताची. मुली निळी गोळी खिडकीतून फेकतात, कारण सकाळी काळा चहा आणि पाव यावर निघालेल्या मुलीला उपाशीपोटी गोळीने मळमळतं. आठवीपर्यंतच्या मुलींना दुपारच्या आहाराची भाजी-पाव मिळाल्यावर गोळी द्यायला सांगा. नववीच्या पुढे तो आहार नाही, तिथे घरून भाकरी-भाजी आणायला सांगा. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. चहा गोळीच्या तासभर आधी-नंतर नको. नाचणी, कुळीथ, पावसातला तायकिळा (टाकळा), सुकं बांगडं, तिसऱ्या, जोडीला लिंबू किंवा आवळा: हे सगळं त्यांच्या घरचंच आहे, डाळिंबाचे फोटो दाखवायची गरज नाही.

डॉक्टरकडे कधी पाठवायचं, तेवढं शिक्षिकांना पाठ करून द्या. दर तास-दोन तासांना पॅड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नाही, दुखणं इतकं की दर महिन्याला शाळा बुडते, पंधरा वर्षं झाली तरी पहिली पाळी नाही, किंवा पाळी न येता दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात. शेवटचं दुर्मिळ आहे, पण मार्गच बंद असू शकतो, आणि ते लहानशा शस्त्रक्रियेने सुटतं. आधी जवळचं आरोग्य केंद्र, गरज पडली तर तिथून बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. साध्या दुखण्याला पोट शेकणं आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी, जेवल्यावर. "सहन कर, सगळ्यांनाच होतं" हे वाक्य शिक्षिकांच्या तोंडी येऊ नये.

पालक बिथरतात ते बहुतेकदा त्यांना न विचारल्यामुळे. मुलींच्या आधी आयांची बैठक घ्या. मार्च ते मेच्या सकाळी त्या काजूत असतात, तेव्हा नको, चवथीच्या आठवड्यातही नको. जूनमध्ये अंगणवाडीत, संध्याकाळी, उपकेंद्राच्या नर्सबाईंना बरोबर घेऊन. मुलींना दाखवणार ती चित्रं त्यांना आधी दाखवा. प्रजननाच्या चित्रावर आया हसतात, मग एखादी हळूच स्वतःच्या गर्भाशयाच्या दुखण्याबद्दल विचारते, आणि बैठक तुमच्या हातून निघून त्यांच्या हातात जाते. जाऊ द्या. ज्या आईला स्वतःचं उत्तर मिळालं ती मुलीला वर्गात पाठवते. वडिलांपैकी कुणी येऊन हरकत घेतली तर शाळेच्या पुस्तकातला धडा उघडून दाखवा, आम्ही तोच सोप्या भाषेत सांगतो म्हणा.

आणि मुली बोलल्या नाहीत तर न बोलू द्या. पहिल्या तासाला शांतता असणारच. एक कुलूप लावलेली पेटी वर्गात ठेवा आणि सगळ्यांना कोरा कागद द्या. प्रत्येकीने काहीतरी लिहून टाकायचं, प्रश्न नसेल तर आपल्या आवडत्या भाजीचं नाव. म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही हे कुणाला कळत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, आणि पुढच्या महिन्यात परत येऊन सगळ्या प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्या. तुमच्या गटाला वर्षातून सहा वेळा जाणं जमणार नसेल तर शाळेतली एक शिक्षिका आणि शिपाईबाई यांना तयार करण्यावर वेळ घाला, आणि प्रत्येक वाड्यावरच्या दोन मोठ्या मुलींवर. ऑगस्टमधल्या एखाद्या सकाळी कुणाला पहिल्यांदा पाळी आली तर त्या तिथे असतील. शाळेला पत्र लिहाल त्यात त्या शिक्षिका आणि शिपाईबाई यांची नावं मुख्याध्यापकांकडून मागून घ्या, आणि पहिली भेट त्यांच्याशीच ठेवा.